भोसरीच्या शेडचा वारस

मी, सोपान मालोजी टेकवडे, वय वर्षे एकसष्ट, धंदा लेथकाम, राहणार भोसरी गावठाण, तालुका हवेली, जिल्हा पुणे, हे माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोलून लिहूनही घेतलेलं नाही. येत्या सोमवारी माझं पोटाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्यासारखं काही नाही, पण कागदावर सही मात्र त्यांनी आधीच घेतली. म्हणून माझ्या पश्चात कोणाला काय मिळावं ते आज शुक्रवारी बसून लिहितो. बसून म्हणतो खरा, पण दर चार ओळींनी उठून दारापर्यंत जाऊन येतो आहे.

याआधी वकिलाकडून टाईप करून घेतलेलं एक मृत्युपत्र होतं. ते मी परवा चुलीत घातलं. त्याची नक्कल कोणाकडे निघाली तर ती रद्दबातल समजावी. ते जाळलं का, ते चौथ्या कलमात येईल.

अक्षर वाकडं आहे, ते चालवून घ्यावं. उजव्या हाताची दोन बोटं नाहीत.

कलम पहिले. गावठाणातलं राहतं घर, मागच्या गोठ्याच्या जागेसह, माझी पत्नी सुभद्राबाई हिचं. तिच्यामागे ते आमची चाकणला दिलेली मुलगी इंदुताई हिला जावं. जावईबापूंनी वर मजला चढवण्याचा विषय सुभद्रेच्या हयातीत काढू नये. त्यांनी तो दोनदा काढला आहे आणि दोन्ही वेळा ती रडली आहे.

कलम दुसरे. पोस्टात आणि बँकेत जे काही आहे ते सुभद्रेचं. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

कलम तिसरे. दिघीच्या अंगाला लष्कराच्या हद्दीलगत आमचं वीस गुंठे रान उरलं आहे. विहिरीला बारमाही पाणी आहे. हे रान माझा पुतण्या यशवंतराव याला द्यावं. माझा भाऊ गेला तेव्हा यशवंत नऊ वर्षांचा होता. त्याला मी वाढवलं, शिकवलं, कंपनीत चिकटवलं. तो वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कोणाला तसं वाटेल. त्याला रान नको होतं. त्याला शेड पाहिजे होती.

कलम चौथे. भोसरी औद्योगिक वसाहतीतली माझी शेड, तिच्यातले दोन लेथ, एक ड्रिल मशीन, ग्राइंडर, सगळी मोजमापाची हत्यारं आणि कपाटातली ड्रॉइंगं.

या कलमाशी मी तीन दिवस अडलो आहे. म्हणून आधी झालं काय ते लिहितो, मग देणं लिहितो. वकील म्हणाले, मृत्युपत्रात गोष्ट लिहायची नसते. पण गोष्ट कळल्याशिवाय हे देणं लोकांना वेडेपणा वाटेल, आणि यशवंत कोर्टात जाऊन तेच म्हणेल.

सरकारने कारखान्यांसाठी आमची जमीन घेतली तेव्हा माझा आणि भावाचा मोबदला वेगळा झाला. भावाने ट्रक घेतला. मी पिंपरीच्या एका कंपनीत अकरा वर्षं टर्नर होतो, त्यामुळे मी ही शेड घेतली. शेड माझ्या एकट्याच्या कमाईची आहे, त्यात भावकीचा हिस्सा नाही.

त्र्याहत्तर साली दुष्काळाने बीडकडची पुष्कळ माणसं इकडे कामाला आली होती. त्यांतलाच एक जण खडी फोडायला आला, उन्हाळ्यात आजारी पडून वारला. त्याची बायको धाकट्या लेकरांना घेऊन गावी गेली आणि थोरला श्याम भोसरीतच राहिला. वय सतरा. त्या दिवसांत वसाहतीत पोरांची एक टोळी होती. सुट्टीच्या दिवशी पत्रे उचकटून शेडमध्ये उतरायचं आणि तांब्याची वायर, पितळेचे बुश, हाताला लागेल ते पोत्यात भरून न्यायचं. माल जायचा भंगारवाल्या नानासाहेबाकडे. तो पोरांना एक वेळचं जेवण घालायचा आणि सिनेमाचं तिकीट काढून द्यायचा. उपाशी पोराला तेवढं पुरतं. पोलिसांनी दरवर्षी पोरं धरली, पण नानासाहेबाचा तराजू कधी धरला नाही. आता तो गणपती मंडळाचा अध्यक्ष आहे. त्याने माझ्या मयताला येऊ नये. आलाच तर कोणी त्याला पुढे बसवू नये.

एका गुरुवारी, वसाहतीच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी मी विसरलेला चष्मा आणायला शेडमध्ये गेलो. आत चार पोरं. तिघं पत्र्यावरून पळाली. चौथ्याची, म्हणजे श्यामची, कॉलर माझ्या हातात आली. त्याने सुटण्यासाठी बाकावरची लोखंडी सळई उचलली आणि माझ्या हातावर घातली. उजवा हात लेथच्या बेडवर टेकलेला होता. खाली लोखंड, वर लोखंड. दोन बोटांचा चेंदा झाला. ती पुढे दवाखान्यात काढावी लागली.

माझी आरोळी ऐकून शेजारच्या शेडचा मारुतराव आणि आणखी पाच-सहा जण धावत आले. त्यांनी पोराला दिव्याच्या खांबाला बांधलं. लोकांनी त्याला मारलं. पंचनाम्यात तसं काही नाही, त्यात ‘पळताना पडून मार लागला’ असं आहे.

आता जे लिहितो ते मी त्या वेळी सुभद्रेशिवाय कोणाला सांगितलं नाही. हाताला फडकं गुंडाळून मी त्या खांबापाशी गेलो. लोक तोवर बाजूला झाले होते, पोरगं खांबाशी मान टाकून खाली बसलं होतं. मी त्याच्या डाव्या कानावर लाथ घातली. बूट घातलेला होता. एकदा नाही, दोनदा. त्या कानाने त्याला आजही ऐकू येत नाही.

कोर्टात मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्याला विचारलं, ‘‘तुला कोणी मारलं का?’’ त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘‘न्हाई साहेब. पडलो.’’ मी गप्प बसलो. उलट माझी पाळी आली तेव्हा हात वर करून बँडेज दाखवलं आणि म्हणालो, याला मोठ्या तुरुंगात घाला, सक्तमजुरी द्या. साहेबांनी त्याला तीन वर्षं बोर्स्टल शाळेत पाठवलं. तुरुंगाऐवजी अशा पोरांना जिथे कोंडून धंदा शिकवतात, ती. मला ती शिक्षा वाटलीच नाही. आमची बोटं जायची आणि यांना सरकारी खर्चाने शाळा, असं मी सगळ्या भोसरीला सांगत फिरलो.

अडीच वर्षांनी एक बाई शेडवर आल्या. चारुलताबाई, कोर्टाच्या प्रोबेशन अधिकारी, राहायला संत तुकाराम नगरात. बसने आल्या होत्या, पायावर धूळ. म्हणाल्या, ‘‘श्याम वागणुकीवर लवकर सुटतोय. लेथ शिकलाय. त्याचे मास्तर म्हणतात, हात चांगला आहे. पण नाव ऐकलं की कोणी दारात उभं करत नाही.’’

मी म्हणालो, ‘‘बाई, माझ्या हाताकडं बघितलं का तुमी?’’

‘‘बघितलं. म्हणून तर पहिल्यांदा तुमच्याकडे आले. दुसऱ्या कोणाला सांगताना मला काहीतरी लपवावं लागेल. तुमच्यापासून लपवण्यासारखं काही नाही.’’

मी त्यांना चहासुद्धा न देता घालवलं. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा सुभद्रा डबा घेऊन शेडवर आली होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, ‘‘येऊ द्या त्याला. न्हाई तर पुन्यांदा नानासायबाच्या तराजूत जाऊन बसंल. आन् तुमाला तरी झोप कुठं लागती?’’

श्याम आला तो वीस वर्षांचा बाप्या होऊन. पहिले सहा महिने मी त्याच्या हातात झाडू आणि ऑइलचा डबा याखेरीज काही दिलं नाही. संध्याकाळी जाताना पिशवी उलटी करून दाखवायला लावायचो. तो रोज उलटी करायचा. एक दिवस मी विसरलो, तर स्वतःच उलटी करून दाखवली आणि म्हणाला, ‘‘आबा, तुमचं ऱ्हायलं.’’ त्यानंतर मी ते बंद केलं.

मोठ्या लेथवर माझा हात चालत नव्हता. मी शेजारी उभा राहून सांगायचो, तो करायचा. त्याच्या उजव्या बाजूला उभं राहावं लागे, डावीकडून सांगितलेलं त्याला कळत नसे. पुष्कळदा भांडणं झाली. एकदा त्याने एका मोठ्या ऑर्डरचे सगळे आटे उलटे पाडले आणि मी त्याला घालून पाडून बोललो. बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, ‘‘बहिरा हायेस का?’’ आणि मी जागच्या जागी गार पडलो. त्याने मशीन बंद केलं.

मी म्हणालो, ‘‘श्याम, त्या दिवशी तुज्या कानावर लाथ मी घातली व्हती.’’

‘‘ठावं हाय. मी बघितलं होतं.’’

‘‘मग कोर्टात का न्हाई सांगितलंस?’’

‘‘वकील म्हणत होता, सांग, शिक्षा कमी हुईल.’’ त्याने हात पुसले. ‘‘पण तुमची बोटं काय परत येणार होती का? मी मारलं, तुमी मारलं. तिथं साहेबाला मधी कशाला घ्यायचं.’’

मग तो आटे पुन्हा पाडायला बसला. आम्ही हा विषय परत काढला नाही.

असं पाच वर्षं चाललं. शेड त्याच्या हाताने चालली. मी फक्त ऑर्डरी आणायचो आणि कुरकुर करायचो.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मारुतरावाच्या शेडमधून तांब्याच्या कॉइली गेल्या. दोन दिवसांनी पोलीस श्यामच्या खोलीवर आले. जुन्या यादीत त्याचं नाव होतं, आणि यशवंतने त्यांना सांगितलं होतं की त्या दुपारी तो मारुतरावाच्या शेडमागे दिसला. माल सापडला नाही. तरी त्याला नेलं. आठ दिवसांनी जामीन मंजूर झाला, पण जामीन राहायला कोणीतरी पाहिजे. त्याचं इथे माझ्याशिवाय कोण आहे?

मी राहिलो नाही.

श्यामला धरलं त्याला आज एकवीस दिवस झाले. मी कोर्टात गेलो नाही, तुरुंगावर गेलो नाही. चारुलताबाईंनी निरोप पाठवला, तर मी पोट दुखतंय म्हणून कळवलं. पोट दुखत होतंच. सकाळी शेडवर जायचं, कुलूप काढायचं, बंद लेथकडे बघायचं, कुलूप लावून परत यायचं. पुन्हा दुपारी तेच. एकदा वाटायचं, श्याम असं करणार नाही. मग वाटायचं, पहिल्यांदा केलंच होतं ना. सुभद्रा एकदा भाकरी घेऊन त्याला भेटून आली. तिला म्हणाला, ‘‘आबांचं ऑपरेशन कधी हाय? त्यांना एकट्याला बसनं जाऊ देऊ नका.’’ हे ऐकून मला बरं वाटायला पाहिजे होतं. मला राग आला. कशाचा ते कळलं नाही.

याच दिवसांत मी वकिलाकडे गेलो. त्यांनी सुचवलं तसं लिहिलं, की खटल्यातून श्याम सुटला तर शेड श्यामला, आणि दोषी ठरला तर यशवंतला. मला ते न्यायाचं वाटलं. निवाडा माझ्या डोक्यावरून कोर्टाच्या डोक्यावर गेला. घरी येऊन सुभद्रेला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, ‘‘म्हंजी साक्ष देणार यशवंता, आन् साक्ष खरी ठरली की शेड बी यशवंतालाच?’’

मी कागद पुन्हा वाचला.

‘‘हे वकिलाला दिसलं न्हाई, का तुमाला दिसलं न्हाई?’’

मी यशवंतला बोलावलं. विचारलं, ‘‘तू त्याला नीट बघितलंस का?’’

‘‘पाठमोरा दिसला, काका. निळा शर्ट व्हता.’’

‘‘तोंड बघितलंस?’’

‘‘तोंड न्हाई. पण चाल तशीच व्हती.’’ मग चिडून म्हणाला, ‘‘काका, त्यानं तुमची बोटं घालवली आन् तुमी माज्यावर शंका घेता व्हय?’’

निळे शर्ट पहिली शिफ्ट सुटली की भोसरीच्या रस्त्यावर शेकड्याने दिसतात. यशवंत खोटं बोलला असं मी म्हणत नाही. त्याला वाटलं, म्हणून तो म्हणाला. मलाही तसंच वाटत होतं. फरक इतकाच की त्याने पोलिसांना सांगितलं, आणि मी गप्प राहून सांगितलं. त्याच संध्याकाळी टाईप केलेला कागद चुलीत गेला.

तर आता देणं. वर लिहिलेली शेड, यंत्रं, हत्यारं आणि ड्रॉइंगं माझ्या पश्चात श्याम रंगनाथ खुडे, मूळ राहणार जिल्हा बीड, याच्या पूर्ण मालकीची व्हावीत. यात कसलीही अट नाही. कोर्ट त्याला सोडो अगर शिक्षा देवो. शिक्षा झाली तर तो सुटेपर्यंत सुभद्रेने शेड सांभाळावी, भाड्याने देऊ नये, महिन्यातून एकदा लेथला ऑइल घालून घ्यावं. त्याने चोरी केली की नाही, ते हे कलम लिहिताना मला ठाऊक नाही. पुष्कळदा उठलो, बसलो, खात्री काही झाली नाही. खात्री नसतानाच लिहितो.

एक अपेक्षा लिहितो, अट नव्हे. वर्षाला एक तरी असा मुलगा शेडमध्ये घ्यावा, ज्याला बाकी कोणी दारात उभं करत नाही. पिशवी तपासायची की नाही ते श्यामने आपलं आपण ठरवावं.

कलम पाचवे. उद्या शनिवारी सकाळी मी पुण्याला कोर्टात जाऊन श्यामचा जामीन राहणार आहे. सोमवारी मी टेबलावरून उठलो नाही, तर माझ्या जागी सुभद्रेने जामीन राहावं. तिला विचारलं आहे. ‘‘माजी सही कधीचीच तयार हाय,’’ म्हणाली.

शनिवार, संध्याकाळचे सहा. इथून पुढचं आज लिहितो आहे.

कोर्टाचं काम साडेबाराला झालं. कारकुनाने सात-बारा उलटसुलट तपासला आणि विचारलं, ‘‘आरोपी तुमचा कोण?’’ मी म्हणालो, ‘‘माझ्या शेडवर असतो.’’ चारुलताबाई शेजारी होत्या. कागदावर नातं लिहायची जागा कारकुनाने कोरी ठेवली.

श्याम तीन वाजता तुरुंगाच्या दाराबाहेर आला. दाढी वाढलेली, अंगात तोच दिवाळीचा शर्ट. पांढरा होता. हे कोणी यशवंतच्या साक्षीविरुद्ध धरू नये. शर्ट दिवसातून दोनदा बदलता येतो. मी सांगतो फक्त बघितलं ते.

बसमध्ये मी त्याच्या उजवीकडे बसलो. भोसरीचं तिकीट काढलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणालो, ‘‘मी मृत्युपत्र लिवलंय. शेड तुज्या नावानं केली.’’

तो वळला. इतक्या वर्षांत मी त्याला असा चिडलेला बघितला नव्हता. ‘‘एकवीस-बावीस दिवस आला न्हाईत, आन् आता शेड देता? नको मला शेड.’’

पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून बघितलं. मी म्हणालो, ‘‘हळू बोल.’’

‘‘का हळू बोलू? पोलिसांनी विचारलं, माल कुठं हाय. वकिलानं विचारलं, साक्षीदार कोण हाय. सुभद्राकाकीनं विचारलं, जेवलास का. केलंस का, असं मला एकानं बी विचारलं न्हाई, आबा. तुमी तर आलाच न्हाईत.’’

दोन स्टॉप गेले. मला उतरून चालत जावंसं वाटत होतं. मग मी विचारलं, ‘‘श्याम, केलंस का?’’

‘‘न्हाई.’’

‘‘बरं.’’

‘‘कुठं होतो ते बी विचारा.’’

‘‘कुठं व्हतास?’’

‘‘कुठं न्हाई. खोलीवर झोपलो होतो. एकटा. कोण साक्ष देणार त्याची?’’ आणि बाहीने डोळे पुसून तो पुन्हा खिडकीकडे वळला.

घरी आल्यावर सुभद्रेने त्याला आंघोळीला पाणी काढलं. आता तो आत जेवतो आहे. तिसरी भाकरी घेतली.

साक्षीला मारुतराव पाहिजे होता, कारण तो मला चाळीस वर्षं ओळखतो. तो म्हणाला, ‘‘तांबं माजं गेलं, आन् सही बी मीच करू व्हय?’’ मी म्हणालो, साक्षीदाराने फक्त मी शुद्धीवर आहे एवढंच बघायचं असतं. तो म्हणाला, ‘‘मग वाचून दावू नगंस. वाचलं तर भांडान व्हईल.’’ आणि चष्मा काढून खिशात ठेवून सहीला बसला. मारुतरावाचा श्यामवर किती विश्वास आहे मला माहीत नाही. पण आतून श्यामचा आवाज आला तेव्हा त्याने मान वर केली आणि विचारलं, ‘‘सुटला व्हय?’’ मी हो म्हणालो. ‘‘बरं झालं,’’ म्हणाला.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी चारुलताबाईंनी करावी. त्यांना यातून एक पैसाही मिळणार नाही, हे त्यांना सांगितलं आहे.

शेवटचं. पुढे कधी यावरून वाद झाला आणि कोणी म्हणालं, की पोराने बसमध्ये डोळ्यांत पाणी आणलं म्हणून म्हाताऱ्याने शेड देऊन टाकली, तर निवाडा करणाऱ्या साहेबांनी तारखा बघाव्यात. चौथं कलम मी शुक्रवारी लिहून पुरं केलं. त्याला विचारलं शनिवारी. आज मी त्यात एक अक्षर वाढवलेलं नाही की खोडलेलं नाही.

वाचून बघितलं, बरोबर आहे, म्हणून सही करतो.

सोपान मालोजी टेकवडे

वरील गृहस्थांनी आम्हा दोघांच्या समक्ष, आणि आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. ते पूर्ण शुद्धीवर आहेत. जरा अस्वस्थ आहेत, पण ते नेहमीच असतात.

साक्षीदार
१. मारुतराव केरबा शितोळे, धंदा कारखानदारी, राहणार भोसरी
२. चारुलता वामन खासनीस, प्रोबेशन अधिकारी, राहणार संत तुकाराम नगर, पिंपरी

मुक्काम भोसरी, तालुका हवेली
शनिवार, दिनांक २१ नोव्हेंबर १९८१